बाहेर चाललेला माणूस

पोलादपूर, १६ जानेवारी २०२५

अहो,

गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही बॅग उचललीत, तेव्हाच मी ठरवलं होतं की या माणसाशी आपण होऊन बोलायचं नाही. तुमचा फोन आला तर उचलला नाही. तुमच्या आईंच्या फोनवर आलात तरी मी बेसन कालवत बसले. आता तुमचा फोनच पोलिसांकडे जमा आहे, तेव्हा हट्ट धरायलाही जागा उरली नाही. वकील म्हणाले, तुरुंगात पत्र पोचतं, फक्त आधी साहेब लोक उघडून वाचतात. तर वाचणाऱ्या साहेबांना माझा नमस्कार. नवरा-बायकोचं भांडण आहे, तुम्हाला कंटाळा येईल.

इकडे सगळं ठीक आहे. असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं. आई दोन घास खातात, वडापावची टपरी चालू आहे. सुट्टीला गोव्याला गेलेल्या गाड्या अजून परत येताहेत. तरणी पोरं खाली उतरतात, आळोखेपिळोखे देतात, काहींच्या मनगटावर क्लबचे कागदी पट्टे तसेच असतात. पूर्वी मी त्यांची थट्टा करायची, "काय, अजून उतरली नाय वाटतं?" म्हणून. आता त्यांच्या मनगटांकडे बघते आणि मुकाट्याने मिरच्या तळते.

कबड्डी मंडळाची बाकीची पोरं परत आली. हर्षद आला. माझा भाऊ राहुल आला, तो आबांकडेच आहे. दिवसभर भिंतीकडे तोंड करून झोपतो. गुडघा सुजलाय, मोटरसायकलवरून पडलो म्हणतो. मी हळदीचा लेप लावून आले. खेळाडूंच्या कोट्यातून पोलीस भरतीचा अर्ज भरलाय त्याने, तेवढं एक बरं चाललंय.

परवा हर्षद टपरीवर आला होता. ज्या कंत्राटदाराने तुम्हा सातही जणांना उमरठच्या स्पर्धेत खेळताना बघून गोव्यातल्या क्लबच्या दारावर उभं राहायला नेलं, त्याचा निरोप घेऊन. कॅमेऱ्यात फक्त तुमचं तोंड दिसतंय, पुढचं सगळं खांबाआड झालं. तेव्हा एकच नाव राहू दे, मंगेशने गप्प राहावं, जामीन होईल, घरी काय लागलं तर मंडळ बघेल. मी "बरं" म्हणाले. साहेब वाचतील, वाचू देत, तेच तुम्हाला कळवते. गप्प राहा.

पण एक विचारू? वकिलांनी ते चित्रण मला दाखवलं. मुली सोबत नसलेल्या नुसत्या मुलांना आत सोडत नाहीत म्हणून दारात बाचाबाची चाललीय. ढकलाढकली होते. मग त्यातला एक पोरगा, ज्याच्या पाठीला मार बसला तो, वळतो आणि रस्त्याकडे पळत सुटतो. बाहेर! अहो, लोकांना बाहेर काढायचा तर तुम्हाला पगार होता. तो आपल्या पायांनी चालला होता, आणि तुम्ही आडवे झेपावून त्याचा घोटा धरलात. वकील म्हणतात, न्यायाधीश पहिला प्रश्न हाच विचारतील. बाहेर चाललेल्या माणसाला कशाला धरलं? काही जुनं वैर होतं का? याचं उत्तर तुम्हीच द्या.

निशिगंधा

&nbsp;

पोलादपूर, २ फेब्रुवारी

अहो,

तुमचं पत्र मिळालं. पत्र कसलं, चिठोरंच. "तो पळाला म्हणून धरला. धरताना मी कुठे आहे तेच मला समजलं नाही. बाकी विचारू नकोस." वर माझ्या तब्येतीची चौकशीसुद्धा नाही. तुरुंगात गेलं तरी माणसाचा स्वभाव काही जात नाही.

ते पत्र मी आबांना वाचून दाखवलं. साहेब, आबा म्हणजे माझे वडील गोमाजी. या सातही पोरांना कबड्डी त्यांनी शिकवली. त्यांच्या हातात काम होतं, ते बाजूला ठेवून म्हणाले, "रेषेकडं पळणाऱ्याला सोडायचा नाय, ह्ये मीच शिकवलं त्याला. हाफ चड्डीत व्हता तवापासून." आणि उठून परसात गेले. त्यानंतर ते मैदानावर गेलेले नाहीत.

वकिलांना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, "वहिनी, कोर्टात कबड्डी नको." साहेब, तुम्ही तरी ऐका. चढाईला आलेला गडी आपल्या रेषेकडे पळायला लागला की तो सुटला म्हणून समजा. म्हणून कोपऱ्यातल्याने त्याचा घोटा धरायचा, आणि एकाने धरला की उरलेल्यांनी विचार न करता त्याच्यावर पडायचं. विचार केला तर उशीर होतो. लहानपणापासून रोज संध्याकाळी हेच केलेल्या पोरांना कोणी काळे कपडे चढवून दारात उभं केलं. आता पुढ्यातून कोणी पळालं तर ते काय करणार? हे खरं आहे, आणि खरं असून कुणाला सांगायच्या लायकीचं नाही.

आता दुसरी गोष्ट. ती ऐकायला घट्ट बसा.

तो पोरगा कोण ते कळलं. पेपरात नुसतं "महाडचा पर्यटक" आलं होतं. तो मुसैब आहे, नाते गावच्या रऊफचाचांचा मुलगा. होय, आपलेच रऊफचाचा. ज्यांच्या टेम्पोत मागे ताडपत्री टाकून तुम्ही माणगावला, रोह्याला, कुठे कुठे खेळायला गेलात. जे भाडं सांगताना "जिंकलात तर बघू" म्हणायचे आणि हरलात तर त्याचं नावच काढायचे नाहीत. मुसैब लहानपणापासून मुंब्र्याला मामाकडे शिकायला होता, ईदही तिकडेच करायचा, म्हणून तुमच्यापैकी कुणी त्याला पाहिलेलं नव्हतं. आता नात्याला, घरी आणलाय. कमरेखाली ताकद नाही. डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल. किती ते सांगत नाहीत.

हे कळल्यावर देवळात गावकीची बैठक झाली. मी बायकांत मागे बसले होते. एक जण म्हणाला, "आपली पोरं आपण संभाळायची. तो काय आपल्यातला हाय?" माझ्या अंगाची लाही झाली, पण मी बोलायच्या आधी गावकीतल्या म्हाताऱ्या हैबतीकाकांनीच त्याला धरलं. "टेम्पोत चढताना इचारलं व्हतंस का रे, टेम्पो कुनाचा हाय?" ठरलं मात्र काहीच नाही.

मी रऊफचाचांकडे गेलेले नाही. जायला हवं होतं. पाय उचलत नाही.

निशिगंधा

&nbsp;

पोलादपूर, १९ फेब्रुवारी

अहो,

हे पत्र वकिलांच्या हाती देते आहे. ते तुम्हाला समोर बसून वाचू देतील, परत घेतील. म्हणून मोकळं लिहिते.

काल रऊफचाचा टपरीवर आले. टेम्पो नेहमीच्या जागी लावला, नेहमीसारखे बाकावर बसले. दाढी वाढलीय, तेवढाच फरक. मला वाटलं, आता हा माणूस कढई उलथून टाकेल, आणि टाकली असती तरी मी हूं का चूं केलं नसतं. ते म्हणाले, "चाय दे, बेटा."

चहा दिला.

"मंगेशचं पत्र येतं?"

"येतं."

"खायला बरं देतात ना?" असं विचारलं त्यांनी. अहो, त्यांनी!

मग म्हणाले, "मी ती व्हिडिओ बघितली. सगळे म्हणतात, खांबाआड काय दिसत नाय. मला दिसलं. ह्याच पकडीला मी टाळ्या वाजवल्यात, गळा सुकेस्तोवर ओरडलोय. मंगेश घोटा धरतो आनी तोंड खाली घालून पडून ऱ्हातो. तो वर येत नाय कधी. वर येतो तो दुसरा." चहाचा घोट घेतला. "डॉक्टर बोलला, पाठीवर गुडघा बसलाय. पडल्यावर बसलाय. दुसरा कोण व्हता गो?"

मी म्हणाले, "मला नाय माहीत, चाचा."

इतकी वर्षं त्यांनी तुमची प्रत्येक मॅच रेषेबाहेर उभं राहून पाहिली. तुम्ही डाव्या कोपऱ्यात आणि तुमच्या शेजारी राहुल. तुम्ही धरायचा आणि राहुलने त्याच्यावर पडायचं. हे त्यांना माहीत नाही? मला विचारत होते ते माहितीसाठी नाही. मी सांगते की नाही, ते त्यांना बघायचं होतं. आणि मी त्यांच्या डोळ्यांत बघून खोटं बोलले.

त्यांनी चहा संपवला, ग्लास बादलीत विसळून पालथा घातला आणि गेले. मी दिवसभर कुणाला काय दिलं ते आठवत नाही. रात्री आईंनी विचारलं, "काय झालं गो?" मी सांगितलं, डोकं दुखतंय.

आय गेली तेव्हा राहुल माझा पदर धरून स्वयंपाकघरात बसायचा. त्याच्या दुधाच्या दातांपासून मी सगळं केलंय. भरती झाली तर आबांच्या घरात पहिल्यांदा सरकारी नोकरी येईल. एकदा त्याचं नाव पोलिसांच्या कागदावर चढलं की सगळं संपलं. आता सांगा, मी काय करायचं? तुम्ही माझे, तो माझा, आणि तो तिकडे नात्याला पडलेला, त्याचा बाप माझ्या बाकावर येऊन चहा पितो.

तुम्ही कोर्टात राहुलचं नाव घेणार आहात का? हो किंवा नाही, एवढंच वकिलांजवळ सांगा.

निशिगंधा

&nbsp;

पोलादपूर, ६ मार्च

अहो,

वकिलांनी तुमचा निरोप सांगितला. "नाही घेणार. पहिला हात माझा होता. निशीलाही सांगा, कुठे बोलू नकोस."

मला बरं वाटलं. लपवून काय करू, आधी बरंच वाटलं. देवापुढे दिवा लावला. मग त्या दिव्यासमोर बसल्या बसल्या माझीच मला लाज वाटली. नवरा आत राहणार म्हणून दिवा लावणारी बायको साऱ्या पोलादपुरात मीच असेन.

तशीच उठून आबांकडे गेले. आबा घरी नव्हते. राहुल गोठ्याच्या पडवीत पाय लांब करून बसला होता. मी सरळ विचारलं, "पडलेल्या मानसावर गुडघा टाकतात का रे?"

आधी "कोन बोललं" करत बसला. मग म्हणाला, "ताई, भावोजींनी धरला, मी गेलो. ठरवून नाय गेलो. अंगच गेलं."

हे मला माहीतच होतं. हेच मी साहेबांना लिहिलं होतं, वकिलांना सांगितलं होतं, स्वतःलाही रोज सांगत होते. मी जरा नरम झाले. सहज विचारलं, "मंग लगेच उठलास ना?"

तो खालची माती पायाच्या बोटाने उकरत राहिला.

"राहुल."

"पुन्यांदा टाकला," म्हणाला. "तवा मी बघत व्हतो."

मी विचारलं, "का?"

"त्यानं आयवरून शिवी दिली व्हती. दारात. ताई, तुला काय म्हायती गो, रोज रात्री तिथं काय ऐकायला लागतं. दारू पिऊन येतात, टपल्या मारतात, हसतात, 'ए कुत्र्या, दार उघड' म्हणतात. आनी आपन हात मागं बांधून 'येस सर, येस सर'. येके दिवशी माझ्या तोंडावर बियर ओतली, मालक म्हनला, 'पूस आनि उभा ऱ्हा.' त्या दिवशी आयवरनं आलं. मंग माझं डोकं फिरलं."

मी त्याला जवळ घेतलं नाही. मारलंही नाही. दोन्ही करावंसं वाटत होतं. तुमच्या हाताला मी कबड्डीचं कारण शोधलं होतं, ते तुम्हाला पुरतं. त्याला ते पुरत नाही. आबांनी कुणाला पडलेल्यावर दुसऱ्यांदा जायला शिकवलेलं नाही.

तुमचा निरोप कळला. पण मी "बरं" म्हणालेले नाही, हे लक्षात ठेवा.

निशिगंधा

&nbsp;

पोलादपूर, २३ मार्च

अहो,

हे पत्र पोस्टानेच टाकते आहे. आता कुणी वाचलं तरी हरकत नाही.

शिमगा झाला. यंदा आबांनी पालखीला खांदा दिला नाही, देवासमोर नुसते हात जोडून परतले. त्यांना मी तोवर काही सांगितलं नव्हतं, पण आबांना काही कळत नाही असं आपल्याला लहानपणापासून वाटत आलंय, ते चूक आहे.

शिमग्यानंतरच्या सोमवारी मी राहुलला म्हणाले, चटणीचा मिक्सर बिघडलाय, महाडला दुरुस्तीला टाकू, तू गाडी काढ. मिक्सर चांगला होता. मी त्याला फसवून नेलं. महाडात शिरल्यावर म्हणाले, "नात्याकडं घे, चाचांकडं." त्याने गाडी थांबवली. म्हणाला, "ताई, उतर खाली." मी उतरले आणि चालायला लागले. ऊन मी म्हणत होतं. बऱ्याच वेळाने गाडीचा आवाज मागून आला. तो माझ्याशेजारी थांबला. मी मागे बसले.

दार सलमाचाचींनी उघडलं. मला ओळखलं. राहुलला तर ओळखलंच, ईदेला शीरखुर्मा प्यायला तुम्ही सगळे तिथेच असायचात. "या" म्हणाल्या. त्या "या"त आनंद नव्हता, पण दार त्यांनी पूर्ण उघडलं.

मुसैब खिडकीजवळ पलंगावर होता. कमरेला पट्टा. उशीला टेकून बसवलेला. इतका बारीक पोरगा, चित्रणात बराच दांडगा दिसला होता. त्याला आम्ही कोण ते ठाऊक नव्हतं. राहुलच्या अंगातल्या मंडळाच्या टी-शर्टकडे बघून हसला आणि म्हणाला, "तुम्ही कबड्डीवाले ना? अब्बा तुमच्याबद्दल सांगतात."

राहुल दारातच उभा.

मग मुसैब आपणहून बोलायला लागला. कुणी आलं की तो हेच बोलतो, असं चाची मागाहून म्हणाल्या. "मला एक सांगा ताई. मी तर निघालो होतो. आम्हाला आत नाही घेतलं, मी म्हटलं जाऊ दे, चला, दुसरीकडे जाऊ. मी पळालो कारण भांडण नको होतं. मग मला का धरलं? काहीतरी केल्याशिवाय कुणी असं धरत नाही ना? मी रोज आठवून बघतो. मी काय केलं असेल?"

चाचींनी पदर तोंडाला लावला. त्या घरात रोज तो हे विचारतोय आणि रोज कुणाकडेच उत्तर नाही. उत्तर पोलादपुरात टपरीवर भजी तळत बसलेलं.

मी म्हणाले, "तू काय नाय केलंस. तू पळालास म्हनून तुला धरला. धरला तो माझा नवरा. कबड्डीत पळनाऱ्याला धरतात, तसं. त्याला वैर नव्हतं, डोकंच नव्हतं त्या वेळी." आणि मग मी राहुलकडे हात केला. "आनी तुझ्या पाठीवर पडला तो माझा भाऊ. हा."

रऊफचाचा कधी अंगणातून आत आले, मला कळलं नाही. ते राहुलच्या मागेच उभे होते. वाटलं, आता काही होणार. त्यांनी काही केलं नाही. राहुलला बाहेर पळून जायला वाट होती, चाचा बाजूलाच होते. तोही गेला नाही.

मुसैबने त्याच्याकडे बघून विचारलं, "का?"

राहुल म्हणाला, "तू आयवरून शिवी दिलीस म्हनून."

मुसैब जरा गोंधळला. आठवल्यासारखं करून म्हणाला, "ती मी नव्हती दिली. माझ्या दोस्ताने दिली. मीच त्याला ओढत होतो, चल म्हणून."

अहो, राहुल तिथेच उंबऱ्यावर खाली बसला. हात डोक्याला लावून. रडला नाही. मी त्याला मोठा केलाय, तो रडला असता तर मला काय करायचं ते माहीत होतं.

रऊफचाचा एवढंच म्हणाले, "आता जा तुमी." रागाने नाही. थकलेला माणूस बोलतो तसं.

घरी येऊन राहुलने आबांना स्वतः सगळं सांगितलं, दोन्ही वेळचा गुडघा सांगितला. भरतीची मैदानी चाचणी पुढच्या आठवड्यात होती. आबा ऐकत राहिले. मग त्याला काही न बोलता माझ्याकडे वळून म्हणाले, "तुला भाऊ एकच व्हता गो." त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत. हर्षद आणि बाकीच्यांच्या घरची माणसं टपरीवर येत नाहीत, समोरून जातात. रऊफचाचांचा टेम्पोही न थांबता जातो. मी सगळ्यांना दुखावून बसलेय आणि कुणाचंही काही भरून निघालेलं नाही. मुसैब तसाच आहे. फक्त चाची म्हणाल्याचं कानावर आलं की तो आता तो प्रश्न विचारत नाही.

तुम्ही नको म्हणाला होतात. मी केलं. तुम्हाला जेवढं रागवायचं असेल तेवढं रागवा, मीही गणपतीपासून रागावलेच होते.

आज सकाळच्या गाडीने आबा राहुलला घेऊन तिकडच्या पोलिसांत हजर करायला गेले. मी स्टँडवर गेले होते, लांब उभी राहिले. वकील म्हणतात, चौकशी आटपली की त्याला बहुतेक तुमच्याच तुरुंगात पाठवतील. तुमच्यासाठी हे चांगलं होईल, असंही म्हणाले. ते ऐकायला मी थांबले नाही.

तो आला की त्याला काही विचारू नका. माझं नावही काढू नका. काल दुपारपासून त्याच्या पोटात काही नाही. मी ताट वाढून नेलं, तर म्हणाला, तुझ्या हातचं नको. तुमच्या हातचं तो घेईल. पहिल्या दिवशी जवळ बसा आणि त्याला जेवायला घाला.

निशिगंधा